साधनेने माणूस अधिक दयाळू होतो का?

मुक्ताई_पुणे

आमच्या इमारतीत एक गृहस्थ अनेक वर्षे नित्यनेमाने ज्ञानेश्वरीचे पारायण करतात, आणि त्यांच्याच घरी कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप आजही वेगळा ठेवलेला असतो. याउलट, देवासमोर कधी हात न जोडणारी परंतु अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारी माणसेही मी पाहिली आहेत. नामस्मरण, ध्यान, पारायण यांमुळे इतरांशी असलेले वागणे खरोखर सुधारते, की मुळातच सौम्य असलेली माणसे साधनेकडे अधिक वळतात? श्रद्धेवर टीका करण्याचा हेतू नाही. या बाबतीत काही ठोस आधार असल्यास तो जाणून घ्यायचा आहे.

अभ्यासक७१

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग येथे आठवतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवण्यात आले, आणि वाटेत कण्हत, खोकत पडलेला एक माणूस मुद्दाम ठेवण्यात आला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना फार घाई होती त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलमधील, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची कथा हाच होता, तरीही त्याने लक्षणीय फरक पडला नाही.

अर्थात धर्माचा अभ्यास म्हणजे साधना नव्हे, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. परंतु ध्यानावरील प्रयोगांचा जो एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही करुणेतील वाढ त्याच अभ्यासांत आढळली, ज्यांत ध्यान शिकवणारी व्यक्ती स्वतःच शोधनिबंधाची सहलेखक होती. यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. मात्र त्याच्या नैतिक परिणामांविषयी केले जाणारे मोठे दावे सावधपणे ऐकावेत, एवढे निश्चित ठरते.

भीमातीर

आपल्याकडील पुरावा प्रयोगशाळेत शोधण्याची गरज नाही, तो पंढरपुरात आहे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, परक्या गावात अनोळखी घरी जेवतात, आणि हे वागणे दिखाऊ नसते, असे माझे मत आहे. तरीही याच परंपरेने चोखोबांचे अभंग शतकानुशतके प्रेमाने गायले, त्यांची समाधी महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ जपली, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना मात्र विठ्ठलाच्या गाभाऱ्यात जाऊ दिले नाही. गाणारे सगळे ढोंगी होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. त्यांची माया खरी होती. ती कोणापर्यंत पोहोचावी याची मर्यादा मात्र साधनेने नव्हे, समाजाने आखून दिली होती, आणि भजनात कितीही तल्लीन झाले तरी ती मर्यादा आपोआप पुसली जात नव्हती.

ती पुसण्यासाठी साने गुरुजींना महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागवावे लागले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसावे लागले. मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. गुरुजी स्वतः अत्यंत भाविक होते, ही गोष्ट येथे विसरू नये. पण त्यांना विरोध करणारेही त्याच विठ्ठलाची नित्य पूजा करणारे होते.

मुक्ताई_पुणे

मग साधनेचे श्रेय नेमके कोणते? भक्ती दोन्ही बाजूंना असेल, तर फरक दुसऱ्याच कशाने पडला असे म्हणावे लागेल.

शीलवंत

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात प्रवेश करताना साधकाला प्रथम शील पाळण्याचे व्रत घ्यावे लागते: हिंसा, चोरी, असत्य, व्यभिचार आणि नशा यांपासून दूर राहणे. श्वासाचे निरीक्षण त्यानंतर येते आणि मंगल मैत्रीची, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची, साधना अगदी शेवटी. म्हणजे केवळ डोळे मिटून बसल्याने सदाचार उगवेल, असे परंपरेनेच गृहीत धरलेले नाही. हल्ली कार्यालयांतून शीलाचा भाग वगळून फक्त ताण घालवण्याचे तंत्र शिकवले जाते. त्यातून मन शांत होईल, पण शांत मनाने अन्यायही करता येतो.

भीमातीर

शीलवंत यांच्याशी सहमत आहे, फक्त व्रताच्या यादीत वेगळ्या कपाचा उल्लेख नसतो, ही अडचण उरतेच. मुक्ताईताई, श्रेयाविषयी आपण विचारले आहे. साधना बळ देते, दिशा देईलच असे नाही, असे मी म्हणेन. दहा दिवस उपाशी राहण्याचे बळ गुरुजींना भक्तीतून मिळाले असावे. ते कोणासाठी वापरायचे हे मात्र त्यांना स्वातंत्र्यलढ्याने आणि दलित बांधवांच्या अपमानाच्या जाणिवेने शिकवले. गाडगेबाबांचेही तसेच. ते पंढरपूरला येत, पण देवळात दर्शनाला जाण्यापेक्षा चंद्रभागेच्या वाळवंटात झाडू मारीत, रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून शिवाशिवीवर बोलते करीत, आणि ज्यांना गावात कोणी आसरा देत नसे त्यांच्यासाठी त्यांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली.