जावा: कम्पॅरेटर २० विद्यार्थ्यांना चालतो, ४०० ना एक्सेप्शन येतं

प्रश्न:
विद्यार्थी क्लासच्या ऑब्जेक्टची अ‍ॅरेलिस्ट आहे. फील्ड तीन: हजेरी क्रमांक (इंट), नाव (स्ट्रिंग), टक्के (डबल). जास्त टक्केवाला आधी हवा, टक्के सारखे असतील तर नावाने. कम्पॅरेटरच्या (दोघांत आधी कोण हे ठरवणाऱ्या कोडच्या) लॅम्डामध्ये, म्हणजे बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये, टक्क्यांची वजाबाकी (ब उणे अ) करून ती इंटमध्ये कास्ट केली आहे (दशांश भाग कापून पूर्णांक), शून्य आलं तर नावाची तुलना. २० जणांच्या चाचणीत एरर नाही. ४०० जणांच्या यादीवर मात्र 'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट' (तुलनेचे नियम मोडले) हे एक्सेप्शन येतं, तेही दरवेळी नाही. कशामुळे?

उत्तर १:
दोष त्या इंट कास्टमध्ये आहे. तीन विद्यार्थी घ्या: ७८.६, ७७.९ आणि ७७.२. पहिल्या दोघांत फरक ०.७, कास्ट केल्यावर ०. दुसऱ्या-तिसऱ्यातही ०.७, म्हणजे पुन्हा ०. पण पहिल्या-तिसऱ्यात १.४, त्याचा होतो १. आता नावं अशी असली की तिसऱ्याचं दुसऱ्याच्या आधी आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या आधी, तर नावांमुळे तिसरा दुसऱ्याच्या पुढे, दुसरा पहिल्याच्या पुढे, आणि टक्क्यांमुळे पहिला तिसऱ्याच्या पुढे. चक्र तयार झालं. कुठलाच क्रम बरोबर ठरू शकत नाही.

२० ला का चाललं? जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या सॉर्टला टिमसॉर्ट ही पद्धत आहे. ३२ पेक्षा कमी ऑब्जेक्ट असतील तर तो फक्त बायनरी इन्सर्शन सॉर्ट करतो (एकेक ऑब्जेक्ट योग्य जागी घालतो), मर्ज, म्हणजे लावलेले तुकडे एकत्र जोडणं, होतच नाही. ही तक्रार मर्ज करतानाच उठते, आणि तीही विसंगती तिथे नजरेला पडली तरच. म्हणून कधी येते, कधी नाही. तुमची २० जणांची यादीही चुकीची लागलेली असू शकते, टक्के डोळ्यांनी तपासून बघा.

वजाबाकी काढून टाका. 'डबल.कम्पेअर' वापरा, किंवा जावा ८ पासून 'कम्पॅरेटर.कम्पेअरिंगडबल', त्यावर उलट क्रमासाठी 'रिव्हर्स्ड', मग नावासाठी 'देनकम्पेअरिंग'. क्रम हाच ठेवा. 'रिव्हर्स्ड' शेवटी लावलं तर नावंही उलटी लागतील. इंट फील्डलाही वजाबाकी नकोच: एक मोठी धन आणि एक मोठी ऋण संख्या आली की ओव्हरफ्लो होऊन (उत्तर इंटमध्ये न मावून) चिन्ह उलटतं.

प्रश्नकर्ता:
'कम्पेअरिंगडबल'मध्ये लॅम्डा लिहून पुढे 'रिव्हर्स्ड' लावलं, तर कम्पायलर म्हणतो की ऑब्जेक्टमध्ये टक्क्यांची मेथड नाही.

उत्तर १:
पुढे डॉट लावला की कम्पायलरला लॅम्डाच्या पॅरामीटरचा टाइप कळत नाही, तो ऑब्जेक्ट धरतो. दुहेरी कोलनचा मेथड रेफरन्स द्या किंवा पॅरामीटरसमोर विद्यार्थी हा टाइप लिहा. कुणाचं नाव नल (दिलेलंच नाही) असेल तर 'देनकम्पेअरिंग'च्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला 'नल्सलास्ट' द्या, नाहीतर त्याचे टक्के कुणाशी सारखे निघून नावाची तुलना झाली की नलपॉइंटर एक्सेप्शन ठरलेलं.

उत्तर २:
वरचं सगळं बरोबर. नावं देवनागरीत असतील तर आणखी एक गोष्ट बघावी लागेल. स्ट्रिंगचं 'कम्पेअरटू' युनिकोडच्या (अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या) क्रमाने जातं, आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे काळे हे कावळे आणि कासार या दोघांच्याही आधी लागतात, खरं तर नंतर लागायला हवेत. आयसीयू लायब्ररीचा कोलेटर (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा) मराठी लोकॅल, म्हणजे भाषेची सेटिंग, देऊन घ्या आणि तोच 'देनकम्पेअरिंग'ला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून द्या. तो स्वतःच कम्पॅरेटर आहे, वेगळं काही लिहावं लागत नाही.

आणि हाच कम्पॅरेटर पुढे ट्रीसेटला (क्रमाने लावलेला, एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच) देणार असाल तर शेवटी हजेरी क्रमांकही जोडा. लिस्टमध्ये शून्य आलं तर मूळ क्रम टिकतो, पण ट्रीसेट शून्याला 'तोच ऑब्जेक्ट' समजतो. सारखे टक्के आणि सारखं नाव असलेल्या दोघांतला एक विद्यार्थी एररशिवाय गायब होईल.