मोबाइल आणि वीज दोन्ही गेल्यावर तालुक्याची पर्यायी बिनतारी व्यवस्था कशी आखावी?

किनारी_तालुका:
नमस्कार. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका तालुक्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचे काम माझ्याकडे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, पाठोपाठ मोबाइल मनोरे बंद पडले आणि श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातील कित्येक गावांची खबर घेण्यासाठी माणूस पाठवण्यावाचून मार्ग उरला नाही. पुढच्या वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, त्याच वेळी चिपळूण पाण्याखाली होते, आणि रस्ते व फोन एकदमच तुटल्यामुळे मदत पोहोचायला किती उशीर झाला हे सर्वांना ठाऊक आहे.

आता तालुक्यासाठी पर्यायी व्यवस्थेचा आराखडा करायचा आहे. तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, नगरपंचायतीचे अग्निशमन पथक आणि सहा मंडळ अधिकारी यांना जोडायचे आहे. पुरवठादाराच्या प्रस्तावात डोंगरावर एक रिपीटर (एका संचाचा आवाज पकडून पुन्हा जोरात पुढे पाठवणारे यंत्र), काही व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याच्या बिनतारी लहरींचे) हातसंच, एक सॅटेलाइट फोन आणि सिमकार्डवर चालणारे वॉकीटॉकी असे मिश्रण आहे. शेवटचा प्रकार सर्वांत स्वस्त असून त्याचा पल्ला ‘अमर्याद’ असल्याचे सांगितले जाते. यातले काय घ्यावे, काय गाळावे?

बिनतारी_निवृत्त:
मॅडम, सिमकार्डवाले संच प्रथम गाळा. ते दिसायला वॉकीटॉकी असले, बटण दाबून बोलायचे असले, तरी आवाज मोबाइल मनोऱ्यावरून इंटरनेटने जातो, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला पर्याय लागणार त्याच दिवशी ते बंद पडणार. एरवीच्या बंदोबस्ताला, यात्रेला ते उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही; फक्त त्यांना पर्यायी व्यवस्था म्हणू नये. आराखड्यातील प्रत्येक साधनापुढे तीन प्रश्न लिहा: त्याला वीज कोठून मिळते, ते कोणत्या मनोऱ्यावर किंवा केबलवर अवलंबून आहे, आणि तेथे दुरुस्तीला माणूस कोणत्या रस्त्याने जाणार. मुख्य आणि पर्यायी साधनाची उत्तरे जुळली, तर कागदावर दोन व्यवस्था असूनही प्रत्यक्षात एकच आहे.

रिपीटर हवाच, कारण व्हीएचएफ लहरी डोंगराआड फारशा वळत नाहीत आणि पाच वॅटचा हातसंच खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात बोलू शकत नाही. मात्र रिपीटर पडला की सगळे मुके, अशी रचना करू नका. प्रत्येक संचात एक थेट चॅनेल भरून घ्या, ज्यावर रिपीटरशिवाय संच संचाशी बोलेल. मग मधल्या उंच ठिकाणी, घाटातल्या वळणावर किंवा एखाद्या गडाच्या पायथ्याशी, २५ वॅटचा संच बसवलेली जीप उभी करून तिच्यामार्फत निरोप पुढे देता येतो. ही जागा पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष बोलून ठरवावी, नकाशावर बोट ठेवून नव्हे.

बॅटरीचा हिशेब पुरवठादारावर सोडू नका. समजा रिपीटर नुसता ऐकत असताना १ अँपिअर आणि प्रक्षेपण करताना ८ अँपिअर घेतो, आणि आपत्तीत एक चतुर्थांश वेळ तो बोलत असतो. सरासरी पावणेतीन अँपिअर झाली, म्हणजे दिवसाला ६६ अँपिअर-तास आणि तीन दिवसांना सुमारे २००. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ४०० अँपिअर-तासांची बॅटरी मागा. सौर पॅनेल जरूर लावा, पण जुलैतल्या कोकणात त्याचा हिशेब शून्य धरा. प्रस्तावात शंभराची एकच बॅटरी दाखवली असेल, तर तो रिपीटर दुसऱ्या दिवशीच बंद पडेल.

अजून एक गोष्ट, जी निविदेत कधीच नसते. वाऱ्याने सर्वांत आधी जातो तो गच्चीवरचा अँटेना. वादळाचा इशारा आला की दुसरा अँटेना, केबलच्या गुंडाळीसह आणि जोडण्या तपासून, खोलीत तयार ठेवा. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास पाव-लहरीचा (लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा) उभा अँटेना जेमतेम अर्धा मीटर उंच असतो; वारा उतरताच तो बांबूला बांधून दहा मिनिटांत उभा करता येतो.

आणि स्वतःच्या फ्रिक्वेन्सीसाठी केंद्राच्या दूरसंचार विभागातील, फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, त्याला वेळ जातो. तोवर पोलीस बिनतारी विभागाचा एक संच नियंत्रण कक्षात चालकासह बसवण्याची विनंती जिल्ह्यामार्फत आजच करा.

सात_मेगाहर्ट्झ:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक स्तर राहिला. तालुक्याच्या आत व्हीएचएफ पुरेल. पण तालुक्याबाहेर, म्हणजे अलिबाग, मुंबई किंवा पुणे, कसे बोलणार? मधे सह्याद्रीच्या रांगा आणि खाड्या आहेत, आणि जिल्ह्यापर्यंतची रिपीटरांची साखळी एका दुव्यात तुटली तरी संपली. येथे हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, उपयोगी पडतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा चमू हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होता, आणि अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवण्याचे काम त्यांनी केले.

हॅम ज्या लघुलहरींवर दूरचे बोलतात, त्यांचा अँटेना उंच हवा असा समज आहे. आपल्या कामाला तो उलट ठेंगणा हवा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर लांबीची तार मध्यभागी केबल जोडून तीन-चार मीटर उंचीवर आडवी ताणली, की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणातील विद्युतभारित वरच्या थरावरून) परतून शेदोनशे किलोमीटरच्या परिसरात छत्रीसारख्या उतरतात. मधला डोंगर आड येतच नाही. दिवसा हा पट्टा चालतो, रात्री ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे लागते आणि त्याची तार दुपटीने लांब, सुमारे ४० मीटर लागते. शाळेचे मैदान आणि दोन माडांची खोडे एवढ्यावर हे उभे राहते, आणि संच जीपच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो.

मात्र हॅमचा परवाना व्यक्तीला मिळतो, खुर्चीला नाही. तहसील कार्यालयातील कोणीही तो संच हाती घ्यावा असे चालत नाही. दोन-तीन तरुण कर्मचाऱ्यांना परीक्षेला बसवा. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. शिवाय परिसरातील परवानाधारकांची यादी करून, आपत्तीत जिल्हाधिकारी त्यांना लेखी पाचारण करतील अशा पत्राचा मसुदा आधीच फाइलमध्ये ठेवा.

सॅटेलाइट फोनबद्दल थोडक्यात: तो घ्या, पण उघड्या आकाशाखाली वापरायचा असतो हे लक्षात ठेवा, छपराखाली किंवा दाट झाडीत तो मुका होतो. भारतात परवानगी असलेली सेवाच घ्यावी. परदेशातून आणलेला थुराया किंवा इरिडियमचा संच विनापरवाना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. एका फोनवर एका वेळी एकच जण बोलतो, त्यामुळे तो जिल्हा नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी राखून ठेवावा.

किनारी_तालुका:
दोघांचेही आभार. सिमकार्डवाल्या संचांचा मुद्दा प्रस्ताव परत पाठवण्यास पुरेसा आहे. एक शंका राहते: संच आले तरी सगळे एकाच वेळी बोलू लागले तर काय करावे? आमच्याकडील लोकांना फोनची सवय आहे, बिनतारीची नाही.

रुग्णवाहिका_कक्ष:
ताई, माझा अनुभव रुग्णालयाच्या बाजूचा आहे, आणि माझ्या मते तुमची शंका उपकरणांच्या प्रश्नाइतकीच मोठी आहे. चॅनेलवर एकच नियंत्रक असावा. त्याने हाक दिल्याशिवाय कोणी लांब बोलू नये. निरोप आधी कागदावर लिहावा आणि मग वाचावा. आमच्याकडे ‘इकडे परिस्थिती फार बिकट आहे, लवकर काहीतरी पाठवा’ असा निरोप यायचा आणि त्यावरून गाडी पाठवायची की बोट, हेच कळायचे नाही. त्याऐवजी असा निरोप हवा: ‘तातडीचा. मंडळ दोनकडून ग्रामीण रुग्णालयाला. वेळ १४२०. जखमी चार, त्यांपैकी एक बेशुद्ध. रस्ता पुलापाशी बंद, पुलाच्या अलीकडे गाडी येऊ शकते. उत्तर हवे.’ घेणाऱ्याने तो शब्दशः परत वाचून दाखवावा आणि नोंदवहीत वेळ टाकावी. आकडे एकेक करून बोलावेत, कारण खरखरीत ‘सत्तावीस’ आणि ‘सदतीस’ यांत फरक कळत नाही.

बॅटरी वाचवण्यासाठी गावपातळीवरचे संच दिवसभर चालू ठेवू नयेत. दर तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत सर्वांनी ऐकावे, नियंत्रकाने क्रमाने हजेरी घ्यावी, आणि लागोपाठ दोन हजेऱ्यांना जे ठिकाण उत्तर देणार नाही तेथे न विचारता मोटारसायकलस्वार निघावा. मंडळ अधिकाऱ्यांबरोबर आपदा मित्र स्वयंसेवकांनाही हे शिकवा, कारण अधिकारी बदलून जातात आणि स्वयंसेवक गावातच राहतात.

बिनतारी_निवृत्त:
मॅडम, रंगीत तालीम मे महिन्यात घ्या आणि तारीख सर्वांना सांगा, म्हणजे कोणी गैरहजर राहणार नाही. पण मध्येच रिपीटरचा वीजपुरवठा आणि बॅटरी दोन्ही बंद करणार आहात, हे मात्र कोणालाही सांगू नका. थेट चॅनेलवर जायचे कोणाला सुचते, जीप ठरल्या जागी किती वेळात पोहोचते आणि कोणाच्या संचाची बॅटरी चार्जच केलेली नाही, ते त्या एका तासात समजते. संचाच्या पाठीवर थेट चॅनेलचा क्रमांक रंगाने लिहून ठेवा; चिकटपट्टी पावसात निघते.