ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह स्कॅन केल्यावर चेहरे विरघळल्यासारखे येतात – मदत हवी आहे

मंडळी,
आमच्या घरचे सगळे अल्बम चिपळूणच्या २०२१ च्या पुरात गेले. आता रत्नागिरीच्या आत्याकडे आजोबांच्या निगेटिव्हचा डबा सापडलाय. ३५ मिमी, १९७० नंतरच्या ब्लॅक अँड व्हाइट आणि नव्वदीतल्या रंगीत. काही पट्ट्यांवर बुरशीचं जाळं आहे.

निगेटिव्हची सोय असलेला फ्लॅटबेड स्कॅनर आहे, ३२०० डीपीआयवर लावतो. रंगीत पट्ट्या छान येतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र आजीच्या नऊवारीचे काठ फिसकटतात, डोळ्यांच्या जागी चट्टे. धूळ काढायचा ऑप्शन दोन्हींना चालूच असतो. शिवाय होल्डर तुटल्यामुळे पट्टी थेट काचेवर ठेवतो, तर आभाळात तेलाच्या तवंगासारखी वलयं दिसतात. बुरशी ओल्या कापसाने पुसू का?

प्रतिसाद १:
पुसू नका! बुरशीने जिलेटिन (फिल्मवरचा चित्र धरून ठेवणारा थर) खाल्लेलं असतं, पाणी लागलं की चित्रच निघून येईल. ब्लोअरने धूळ उडवा, बास.

चेहऱ्यांचा घोटाळा त्या ऑप्शनचाच आहे. तो इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ शोधतो. रंगीत निगेटिव्हमध्ये डेव्हलप झाल्यावर फक्त रंगद्रव्य उरतं आणि त्यातून इन्फ्रारेड आरपार जातो. ब्लॅक अँड व्हाइटचं चित्र चांदीच्या कणांचं. ते इन्फ्रारेड अडवतात, मग सॉफ्टवेअरला आजीचे डोळेही धूळच वाटतात. ऑप्शन बंद करा, ठिपके नंतर हाताने काढा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

प्रतिसाद २:
वलयं म्हणजे न्यूटन रिंग्ज. फिल्मची चकचकीत बाजू काचेला चिकटली की येतात. मंद बाजू खाली ठेवा. किंवा काळ्या कार्डशीटची चौकट कापून पट्टी जराशी उचलून धरा, पण मग फोकस तपासा. गुंडाळी झालेल्या पट्ट्या आधी दोन-चार दिवस स्वच्छ कागदात घालून जाड पुस्तकाखाली ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, डोळे परत आले! वलयंही गेली, एक वाकडी पट्टी तेवढी अजून पुस्तकाखाली आहे. पहिला स्कॅन आत्याला पाठवला, तर लगेच फोन, "अरे, आई पंगतीत डाव्या हाताने कशी वाढतेय?"

प्रतिसाद २:
मंद बाजू खाली ठेवली की चित्र उलटं येतं, मिरर करायचं सांगायला विसरलो. आत्यांना सॉरी सांगा.