पॉइंटला १.३३ ने गुणून मोबाइलचे पिक्सेल काढणं बंद करा

धक्क्यावरचा (रत्नागिरी):
मिरकरवाड्याच्या मच्छीमारांसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आम्ही कागदावरून मोबाइल ॲपमध्ये आणतोय. छापील तक्ता १२ पॉइंटात आहे (पॉइंट म्हणजे छपाईत अक्षरांचा आकार मोजायचं माप). इंचात ७२ पॉइंट आणि वेबच्या हिशेबात ९६ पिक्सेल, म्हणून १.३३ ने गुणून १२ पॉइंटचे १६ पिक्सेल, असं सगळे डोळे मिटून सांगतात. आता इंचाला ४८० ठिपके, म्हणजे पिक्सेल, असलेला फोन घ्या. ॲपमध्ये नुसते १६ पिक्सेल लिहिले तर ते होतात इंचाचा तिसावा भाग, म्हणजे एक मिलिमीटरही नाही! कागदावर हीच अक्षरं सव्वाचार मिलिमीटरच्या घरात होती. ९.४० ची भरती कुणी १.४० वाचली तर होडी गाळात बसेल. माझं स्पष्ट मत आहे, पॉइंट कागदापुरता ठेवा. ॲपमध्ये एसपी (फोनमध्ये निवडलेल्या अक्षर-आकारानुसार बदलणारं अँड्रॉइडचं माप) आणि वेबपानावर रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकारावर चालणारं माप) वापरा.

खिळेजुळारी (चिपळूण):
गुणाकार चुकीचा आहे म्हणून पॉइंटच कशाला टाकून देता? पॉइंट हे खरं माप आहे, पट्टी लावून मोजता येतं. अँड्रॉइडमध्ये इंचाला १६० एकक धरतात. तुमचा १६ चाच आकडा एसपीत घेतला तर तो होतो इंचाचा दहावा भाग, जेमतेम ७ पॉइंट. ७ पॉइंटात मी लग्नपत्रिकेची तळटीपही लावणार नाही. १३३ टक्क्यांचा नियम सोडा, २.२२ ने गुणा. १२ पॉइंटला २७ एसपी येतात.

किनारपट्टी (मालवण):
माझ्या काकांक चष्मो लागता. फोनात अक्षरां मोठी करून ठेवली हत. तुमचा पान उघडला काय परत बारीक. तो हिशोब घाला चुलीत, काकांक दिसूक होया!

धक्क्यावरचा:
काकांचाच मुद्दा माझा आहे. फोन वापरणाऱ्याने केलेली अक्षर-आकाराची निवड एसपी मानतं, पिक्सेल आणि पॉइंट मानत नाहीत. शिवाय वेबवरचा पॉइंट पट्टीने मोजायचा नाहीच, तिथे १२ पॉइंट म्हणजे १६ सीएसएस पिक्सेल (वेबपानाचं हिशेबी एकक, पडद्यावरचा ठिपका नव्हे), मग पडदा कोणताही असो. आयफोनचा पॉइंट आणखी वेगळा. २०१० च्या आयफोन ४ वर एका पॉइंटात दोन पिक्सेल रुंदीला आणि दोन उंचीला बसायचे, पुढे काही फोनवर तीन-तीन झाले. छापखान्याच्या ७२ शी त्याचा काही संबंध नाही.

खिळेजुळारी:
मान्य, एसपीच घ्या. पण सुरुवातीचा आकडा कुठून आणणार? तो कागदावरूनच येतो, कारण तीस वर्षं लोकांनी तोच तक्ता वाचलाय. आणि ओळींमधली जागा विसरू नका. 'पौर्णिमा'चा रफार आणि वेलांटी वर जातात, वरच्या ओळीतल्या 'सुरू'मधल्या 'सु'चा उकार खाली येतो. इंग्रजीच्या सवयीने ओळीपासून ओळीपर्यंत अक्षराच्या आकाराच्या १.२ पट अंतर ठेवलंत तर दोघांची टक्कर. दीडपट ठेवा.

धक्क्यावरचा:
दीडपट ठेवतो. २७ मात्र सगळीकडे नको, अरुंद पडद्यावर तारीख, तिथी आणि चारही वेळा एका ओळीत बसणार नाहीत. फोन कागदापेक्षा जवळ धरतात हेही बघा.

खिळेजुळारी:
होडीत एका हाताने सुकाणू धरलेला माणूस फोन जवळ धरत नाही, तोही भर उन्हात. तिथी खालच्या ओळीत टाका, पण वेळांचे आकडे २७ च्या खाली आणू नका.