मदत हवी आहे: नदीकाठच्या बर्फातल्या वाटेवर पायात काय घालावं?

मंडळी, हिवाळा सरता सरता नदीकाठच्या एका वाटेवर दिवसभराची चाल करायची आहे. जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. मागच्या वेळी अशाच वाटेवर सकाळी मजेत निघालो. रात्रभर गोठलेला बर्फ टणक होता, पाय जराही रुतत नव्हता. दुपारी परतताना मात्र तोच बर्फ उन्हाने भुसभुशीत झालेला. दर चार पावलांना गुडघ्यापर्यंत आत! बुटांत पाणी गेलं, मोजे ओले, आणि सावलीतल्या तुकड्यांवर निव्वळ काच. दोनदा सपशेल आपटलो (बायको अजून हसते).

या वेळी मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे छोटे धातूचे खिळे) घ्यावेत की स्नोशू (वजन पसरावं म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी)? स्पाइक निसरड्या बर्फावर धरतात, पण मऊ बर्फात रुतणं थांबवत नाहीत. स्नोशूचं नेमकं उलट. दोन्ही पाठीवर वाहायचे का? की पहाटे निघून दुपारच्या आत परतलं तर नुसत्या स्पाइकवर भागेल? गेटर (बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) घेतोच आहे, सुती कपडे बाद.

दुसरं म्हणजे, वाट एके ठिकाणी गोठलेल्या पात्राला अगदी खेटून जाते. वाहत्या पाण्यावरचा बर्फ एकसारखा जाड नसतो, खालून प्रवाह तो झिजवत असतो, त्यामुळे पात्रावर पाय ठेवणार नाही. पण काठावर साचलेल्या बर्फाखाली जमीन आहे की पोकळी, हे कसं ओळखता? काठीने ठोकून बघणं पुरतं का? ज्यांनी अशा वाटा तुडवल्यात त्यांनी जरा सविस्तर लिहा.