‘जर्सी गर्ल’मधील आजोबांचा नकार: ग्रुपवर झालेली चर्चा

पहिल्या मजल्यावरील काका: नमस्कार. केव्हिन स्मिथ यांचा २००४ सालचा ‘जर्सी गर्ल’ आम्ही दोघांनी काल पाहिला. पत्नी बाळंतपणात दगावल्यावर न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्धीचे काम करणारा ऑली तान्ह्या गर्टीला आपल्या वडिलांच्या हवाली करून कामात बुडून जातो, आणि एके दिवशी ते वडील नातीला सांभाळायचे नाकारून सरळ आपल्या कामावर निघून जातात, हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटला. हा नकार कठोर आहे खरा, पण तो दिला नसता तर ऑली त्या घरात केवळ पैसे आणून देणारा माणूस उरला असता. जॉर्ज कार्लिन यांनी हे आजोबा उगाच गहिवर न आणता उभे केले आहेत.

तिसऱ्या मजल्यावरील ताई: काका, नकाराबाबत मी सहमत आहे. परंतु बाळाला सोबत घेऊन गेलेला ऑली पत्रकारांसमोर तोल जाऊन नको ते बोलतो, नोकरी गमावतो, आणि थोड्याच वेळात मुलगी एकदम सात वर्षांची दिसते. अपरात्री चढलेला ताप, शाळेचे पहिले दिवस, आईविषयीचे प्रश्न, म्हणजे एकट्या पालकाचा कस जिथे लागतो तीच वर्षे गाळली आहेत, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या मजल्यावरील दादा: मुलाला मी एकटाच वाढवतो आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ताईंचा आक्षेप रास्त आहे, तरीही पुढचे भांडण पाहताना मी तो विसरलो. वडिलांसोबत नगरपालिकेच्या कामावर जाणाऱ्या ऑलीला जुन्या क्षेत्रातील मुलाखतीची संधी येते, ती नेमकी शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी, आणि चिडलेल्या मुलीला तो बोलून जातो की तू आणि तुझ्या आईने माझे आयुष्य हिरावून घेतले. लेकरावर जीव असूनही गेलेल्या आयुष्याची हळहळ मनात राहते, हे बहुतेक पालक कधीच बोलून दाखवत नाहीत, आणि चित्रपट मात्र ते बापाच्या तोंडून मुलीसमोरच वदवतो. (असे शब्द लहान मुलाच्या कानी पडू नयेत, हे वेगळे सांगायला नको.) त्यानंतर मुलाखतीच्या ठिकाणी स्वतः अभिनेते विल स्मिथ भेटतात, मुलांविषयी बोलतात आणि ऑली धावत परत निघतो, हा तोडगा मला फार सोपा वाटला. नवी सुरुवात करणाऱ्याने जुने काम सोडलेच पाहिजे असे नाही. दोन्ही सांभाळण्याची ओढाताणही दाखवता आली असती.

पहिल्या मजल्यावरील काका: आपण म्हणता ते पटले. पण शाळेत बाकीच्या मुली ‘कॅट्स’ या संगीत नाटकातले तेच ते गाणे गात असताना गर्टी ‘स्वीनी टॉड’मधला, म्हणजे गळे कापणाऱ्या न्हाव्याच्या कथेतला प्रवेश करते, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

चौथ्या मजल्यावरील वहिनी: मुलांना दाखवावा का?

तिसऱ्या मजल्यावरील ताई: वहिनी, व्हिडिओच्या दुकानातील माया आणि ऑली यांचे काही संवाद मोठ्यांचे आहेत. अमेरिकेत त्याला ‘पीजी-१३’ प्रमाणपत्र, म्हणजे तेराखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे, मिळाले होते. आठवी-नववीतील मुलांसोबत बसून अवश्य पाहा. लहानग्यांना मात्र इतक्यात नको.