९५ टक्के अचूक, पण कुणासाठी?
चाचणी ९५ टक्के अचूक, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यताही ९५ टक्के, असं वर एकांनी लिहिलंय. तसं नाही हो. समजा, जतच्या शिबिरात १०,००० लोक तपासले आणि आजार फक्त १०० जणांना आहे. चाचणी त्यातले ९५ पकडेल, पण निरोगी ९,९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे ५९० पैकी खरे आजारी ९५, जेमतेम १६ टक्के! बाकीचे उगाच धास्तावून घरी जाणार, याचं मला फार वाईट वाटतं. तीच चाचणी मिरजेला लक्षणं घेऊन आलेल्यांवर करा, ज्यांच्यात ३० टक्के आजारी आहेत. तिथे पॉझिटिव्हपैकी ८९ टक्के खरे निघतात. चाचणी आजारी आणि निरोगी लोकांना किती नीट वेगळं करते, हे सांगायला आरओसी नावाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ देतात; त्यात हे आजाराचं प्रमाण येतच नाही, ते वेगळं विचारावं लागतं.